जुन्या हत्याराचा लोभ

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीकाठी आगरदांडा हे गाव वसलेले आहे. तेथील धक्क्यावरून पलीकडच्या दिघीस जाण्यासाठी यंत्रावर चालणारी फेरीबोट मिळते; तिच्यावर मोटारी उभ्या राहतात आणि माणसांसह थोड्याच वेळात पैलतीर गाठतात. याच खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे, आणि राजपुरीहून त्या दुर्गाकडे उतारूंना नेणाऱ्या शिडाच्या होड्या अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालत आल्या आहेत. एकाच पाण्यावर एक साधन नव्या युगाचे आणि दुसरे जुन्या युगाचे. शीड न सोडणारा नाखवा हा केवळ जुन्याचा अभिमानी आहे, असा निर्णय कोणी घाईने देईल. परंतु मोटारींचे ओझे पार न्यावयाचे तर तेथे शिडाचा उपयोग नाही, हे नाखव्यासही पुरते ठाऊक असते. लाटांच्या हेलकाव्यात लहानशी होडी दुर्गाच्या दरवाज्याशी अलगद नेऊन लावणे हे काम मात्र बळाचे नसून अंदाजाचे आहे. आणि ज्या साधनाची हाताला सवय जडली त्या साधनानेच अंदाज अचूक साधतो.

प्रस्तुत भाषणाचा विषय नाखव्यांचा नाही. गोल्फ नावाचा विलायती खेळ खेळणाऱ्यांचा आहे. आगरदांड्यासारख्या गावातील श्रोत्याने हा खेळ प्रत्यक्ष पाहिला नसण्याचाच संभव अधिक. तथापि या खेळात एक चमत्कारिक गोष्ट आढळते, आणि तिचे कारण समजण्यास खाडीवरील ते दृश्य उपयोगी पडते. चेंडू दूर फेकण्याची काठी जो खेळाडू दर दोन वर्षांनी नवी घेतो, तोच खेळाडू चेंडू जवळच्या जवळ उचलून टाकण्याची आपली जुनी, झिजलेली, प्रसंगी गंजलेली काठी काही केल्या टाकीत नाही. हा लोभ शहाणपणाचा की वेडेपणाचा, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. आपल्या देशात तो इंग्रजांबरोबर आला. १८२९ साली कलकत्त्यास स्थापन झालेली संस्था ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुनी गोल्फसंस्था मानली जाते. मुंबईतही १८४२ साली अशी संस्था निघाली होती; ती पुढे लयास गेली. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. नाशिक शहरातील एका मोठ्या मैदानास लोक गोल्फ क्लब मैदान म्हणत आले. त्यास आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, आणि क्रिकेटचे सामने तेथे होतात. खेळ उठून गेला तरी नाव मागे राहिले, याचे हे एक उदाहरण.

खेळाचे स्वरूप सांगण्यास सोपे आहे. एक लहान, कठीण चेंडू काठीने मारीत मारीत दूरवरच्या एका भोकात घालावयाचा. ते भोक सव्वाचार इंच रुंदीचे असते. अशी अठरा भोके ओळीने पुरी करावयाची, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. चेंडू कधी तीनशे पावले उडवावा लागतो, कधी तीस पावले, तर कधी तीन. एकाच काठीने हे सर्व साधणार नाही, म्हणून खेळाडू काठ्यांचा भाताच बरोबर बाळगतो. पूर्वी या संख्येस मर्यादा नव्हती. अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदा काठ्यांची मर्यादा घालण्यात आली, आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली.

या काठ्यांत ज्यांना वेज म्हणतात त्यांच्याशी येथे कर्तव्य आहे. वेज या शब्दाचा अर्थ पाचर. या काठीचे लोखंडी पाते मागे कललेले असते, त्यामुळे चेंडू पुढे कमी आणि वर अधिक जातो, आणि उतरल्यावर फार न घरंगळता थांबतो. लाकूड फोडणारा जसा पाचर फटीत सारून ओंडका उचकटतो, तशी ही काठी चेंडूखाली शिरते. भोकाच्या सभोवार बारीक कापलेली गवताची गादी असते, तिला ग्रीन म्हणतात. वाटेत मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू बंकरमध्ये पडला किंवा ग्रीनच्या कडेस अडखळला, म्हणजे वेज बाहेर निघते.

या हत्याराचा जन्मही मनोरंजक आहे. पूर्वी काठ्यांना क्रमांक नव्हते, नावे होती: क्लीक, मॅशी, निब्लिक. दांडे हिकरी नावाच्या लाकडाचे असत. पोलादी दांड्यास सेंट अँड्र्यूज येथील नियामक संस्थेने १९२९ साली मान्यता दिली. वाळूतून चेंडू काढण्यास त्या काळी निब्लिक वापरीत. पण तिचे पाते पातळ असल्यामुळे ती नांगराच्या फाळासारखी वाळूत रुतून बसे. जीन साराझेन नावाच्या अमेरिकन खेळाडूस यावर उपाय सुचला. विमान वर चढताना शेपटीकडील फळी कशी हलते हे पाहून ती कल्पना आली, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याने निब्लिकच्या तळास डाख देऊन तो जाड केला, आणि मागची कड पुढच्या कडेहून किंचित खाली आणली. परिणाम असा झाला की पाते वाळूत रुतण्याऐवजी, देशावरील शेतकऱ्याची वखर जशी मातीच्या वरच्या थरातून सरकते, तसे चेंडूखालून सरकू लागले. १९३२ साली हे हत्यार घेऊन तो ब्रिटनच्या खुल्या स्पर्धेत उतरला, आणि जिंकला. सामन्यापूर्वी कोणाच्या दृष्टीस पडून त्यावर हरकत येऊ नये म्हणून तो ती काठी लपवून ठेवीत असे. आज जी काठी जुनी म्हणून ओळखली जाते, ती एके काळी इतकी नवी होती की तिला लपवावे लागे. जुन्याचा कैवार घेणारांनी ही गोष्ट विसरू नये.

आता जुन्या वेजचा लोभ धरणारे जी कारणे देतात, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिले कारण पात्याच्या कलाचे. पूर्वीच्या संचातील पिचिंग वेजचे पाते सुमारे ५० अंशांनी कललेले असे. अलीकडच्या अनेक संचांत तोच कल ४५ अंशांच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. याचे कारण असे की कल कमी केला म्हणजे चेंडू लांब जातो, आणि दुकानात काठी हाती घेणाऱ्या गिऱ्हाइकास, आपल्या जुन्या काठीपेक्षा ही अधिक लांब मारते, असा आनंद होतो. वस्तुतः काठीवरील अक्षर तेवढे तेच राहिले, काठी मात्र दुसरी झाली. परंतु वाळूच्या वेजचा कल ५६ अंशांच्या जवळपासच राहिला. त्यामुळे दोहोंच्या मध्ये मोठी फट पडली, आणि ती बुजविण्यासाठी गॅप वेज नावाची तिसरी काठी विकत घेणे भाग पडले. जुना खेळाडू म्हणतो, त्याच्या दोन काठ्यांत ही फटच नव्हती. या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय काठ्या चौदाच बाळगावयाच्या असल्यामुळे, एक वाचली की ती जागा दुसऱ्या उपयोगी काठीस मिळते.

दुसरे कारण जमिनीचे. पात्याच्या तळाचा जो फुगवटा साराझेनने वाढविला, त्यास इंग्रजीत बाउन्स म्हणतात. मऊ वाळूत आणि दाट गवतात हा फुगवटा तारक ठरतो. परंतु जमीन कठीण असेल, तर फुगीर तळ तिच्यावर आपटून उसळतो, आणि पात्याची कड चेंडूच्या मध्यावर बसून तो भलतीकडे जातो. आपल्या देशात वैशाखातील जमीन कशी असते हे सांगावयास नको. लहान लष्करी ठाण्यांच्या मैदानांवर तर पाण्याअभावी ग्रीनच्या ठिकाणी तेल पाजलेल्या वाळूचे सपाट अंगण करीत, आणि हिरव्याऐवजी त्यास ब्राउन म्हणत. अशा भूमीवर पातळ, कमी फुगवट्याचे जुने पाते चांगले चालते. येथे श्रेय त्याच्या वयाचे नाही, आकाराचे आहे. नव्या वेजही निरनिराळ्या फुगवट्यांच्या मिळतात. ज्याला आपल्या जमिनीची पारख आहे, त्याला नव्यातूनही योग्य ती निवडता येते.

तिसरे कारण पात्यावरील खाचांचे. आणि यात एक मोठा कज्जाच दडलेला आहे. वेजच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा असतात. मोटारीच्या चाकावरील नक्षी जशी पावसाचे पाणी बाजूस सारते, तशा या खाचा गवताचा रस आणि पाणी पोटात घेतात, पाते चेंडूस नीट चिकटते, आणि चेंडू स्वतःभोवती उलटा फिरू लागतो. ही उलटी फिरकीच त्याला ग्रीनवर थांबविते. पूर्वी या खाचांचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असे. १९८४ साली अमेरिकेतील नियामक संस्थेने यू अक्षरासारख्या, अधिक पोकळ खाचांना मान्यता दिली. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या यंत्रविशारदाच्या पिंग या कारखान्याने तशा खाचांच्या आय-टू नावाच्या काठ्या काढल्या. धारदार कडांनी चेंडूची साल निघते अशी तक्रार आली, तेव्हा त्याने कडा गोलसर केल्या. त्यावर संस्था म्हणाली की आता दोन खाचांमधील अंतर नियमाहून कमी भरते. मोजमाप कोठून धरावयाचे, एवढ्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. १९९० साली तडजोड झाली, आणि त्या वर्षाच्या १ एप्रिलपूर्वी तयार झालेल्या आय-टू काठ्या कायमच्या नियमास धरून समजल्या जातील असे ठरले.

पुढे वीस वर्षांनी, २०१० साली, खाचांचे आकारमान आणि कडांची धार यांवर नवे कडक निर्बंध आले. उंच गवतात चेंडू पडूनही मातबर खेळाडू त्यास हवी तशी फिरकी देत, त्यामुळे सरळ टोल्याची किंमत राहत नव्हती, असे त्याचे कारण देण्यात आले. मोठ्या स्पर्धांत नियम तत्काळ लागू झाला. सामान्य खेळाडूंना जुनी हत्यारे निदान २०२४ पर्यंत चालतील, असे जाहीर झाले. तेव्हा कोणास तरी ती जुनी तडजोड आठवली. जानेवारी २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरी पाइन्स येथील स्पर्धेत फिल मिकेल्सन हा नामवंत खेळाडू वीस वर्षांपूर्वीची पिंग वेज घेऊन उतरला. नियमाच्या अक्षरात ते बसत होते; भावनेत बसत नव्हते. एका सहखेळाडूने उघडपणे त्यास लबाडी म्हटले. मिकेल्सनने आपण नियमानेच वागत असल्याचे सांगितले, परंतु ती काठी पुढे वापरली नाही. मार्च २०१० मध्ये कारखान्यानेच आपला हक्क शिथिल केला, आणि त्या व्यावसायिक स्पर्धांपुरता तो दरवाजा बंद झाला.

या कथेतील बोध ध्यानात घेण्यासारखा आहे. नवे ते नेहमीच अधिक समर्थ असते, ही समजूत येथे उलटी पडली; कारण नियमानेच नव्यास बोथट केले होते. म्हणून जुन्या वेजच्या लोभामागे काही वेळा स्मृती नसते, उघड लाभ असतो. लाभ असला तरी तो कोणास मिळतो, हाही प्रश्न उरतो. ज्याच्या घरी वीस वर्षांपूर्वीची काठी पडून आहे किंवा ज्याला ती शोधून विकत घेता येते, त्यास सवलत; ज्याला येत नाही, त्यास नियम. अशी सवलत शब्दांत बसली तरी न्यायात बसत नाही, आणि ती सोडून देण्यात त्या खेळाडूचे काही उणे झाले नाही.

चौथे कारण सर्वांत जुने आणि सर्वांत खरे. ते हाताच्या ओळखीचे. घरातील गृहिणी विळीवर बसून न बघता नारळ खवते. तिची विळी बदलून पाहावी, म्हणजे बोटास धार लागण्यास वेळ लागत नाही. नवी विळी वाईट असते असे नाही, पण तिची उंची, तिचा बाक हाताने अजून शिकलेला नसतो. वेजचेही तसेच. लांबच्या टोल्यात खेळाडू सर्व बळ लावतो, आणि काठीने साथ दिली की झाले. जवळच्या टोल्यात मात्र अर्धे बळ, पाव बळ, एक अष्टमांश बळ असे मोजून द्यावे लागते. आणि हे माप डोक्यात नसून मनगटात असते. पात्याचे वजन किती, दांडा किती लवतो, चेंडू लागला म्हणजे हातास कसा झणका येतो, हे वर्षानुवर्षे शिकलेले मनगट ती विद्या एका दिवसात नव्या काठीवर उतरवू शकत नाही. लांब मारण्याच्या काठ्या बदलणारा खेळाडू वेज का बदलीत नाही, याचे उत्तर येथे आहे. लांब जावयाचे तेथे यंत्र थोर. नेमके थांबावयाचे तेथे ओळख थोर.

एवढे मान्य करूनही जुन्याची बाजू आंधळेपणाने घेता येत नाही. खाचा झिजतात. वाळूत वारंवार घासून जुन्या पात्याच्या कडा गुळगुळीत होतात, आणि हाताची ओळख कितीही दृढ असली तरी गुळगुळीत पाते ओल्या गवतातून चेंडूस फिरकी देऊ शकत नाही. कोरड्या, स्वच्छ जमिनीवरून चेंडू उचलताना हा फरक फारसा जाणवत नाही. म्हणून उन्हाळाभर जुनी काठी निर्दोष वाटते, आणि पावसाळ्याचे गवत वाढले की चेंडू ग्रीनवरून घरंगळत पलीकडे जातो. अशा वेळी खेळाडू कधी गवतास दोष देतो, कधी वाऱ्यास. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. येथे नाचणाऱ्यास नाचता येते, अंगणही सरळ आहे, झिजले आहेत ते पायातील चाळ, आणि तेवढेच त्यास दिसत नाही.

गंजाविषयीही एक समजूत आहे. काही वेजवर मुलामा नसतो, साध्या पोलादाचे उघडे पाते असते. खाऱ्या वाऱ्यात ते लवकरच तांबूस होते. आगरदांड्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यास लोखंडाची ही गत नवी नाही. गंजलेले पाते खरखरीत होऊन चेंडू अधिक धरते, असे कित्येक खेळाडू मानतात. परंतु फिरकी मुख्यत्वे येते ती शाबूत खाचांनी. गंजाचा पातळ थर त्यांची जागा घेऊ शकत नाही. उघड्या पात्याचा एक लाभ निर्विवाद आहे: उन्हात ते चमकत नाही आणि डोळे दिपत नाहीत. ज्याला तो लाभ हवा, त्याने तो अवश्य घ्यावा; मात्र गंजाला गुण समजू नये.

या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याखेरीज विषय पुरा होणार नाही. जुन्याची आवड हा शब्द ज्याच्यापुढे निवड आहे त्यालाच लागू पडतो. गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्या वाहून नेणारी मुले आणि माणसे असतात. त्यांना कॅडी म्हणतात. चेंबूरच्या मैदानावर काम करणाऱ्या अशाच काही कॅडींनी शेजारच्या वस्तीतील अरुंद गल्ल्यांत लोखंडी सळई वाकवून तिचीच काठी बनविली, प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, आणि भिंती, गटारे, पायऱ्या यांच्यामधून हा खेळ मांडला. या शतकात वृत्तपत्रांनी त्याची दखलही घेतली. दूर स्पेनमध्ये, पेद्रेन्या या किनाऱ्यावरील खेड्यात १९५७ साली जन्मलेला सेव्हे बॅलेस्टेरोस, लहानपणी एका जुन्या, तीन क्रमांकाच्या लोखंडी काठीने समुद्राच्या वाळूत चेंडू मारीत शिकला. जे टोले इतर लोक निरनिराळ्या काठ्यांनी मारतात ते सर्व त्या एकाच काठीने मारण्याची युक्ती त्याच्या हाताने शोधली. पुढे १९७९, १९८४ आणि १९८८ या तीन साली त्याने ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली.

अशी उदाहरणे ऐकून सुखवस्तू मनुष्य सहज म्हणून जातो की, पाहा, साधन जुने असले तरी काय बिघडते! असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. सळई वाकविणाऱ्या मुलाने जुन्या हत्याराची निवड केली नव्हती. त्याच्यापुढे दुसरे हत्यार नव्हते. एक सेव्हे वर आला म्हणून ज्यांना साधनच मिळाले नाही आणि ज्यांची नावे कोणास कळली नाहीत, त्यांचा हिशेब मिटत नाही. ज्याच्या भात्यात चौदा काठ्या आहेत त्याने एक जुनी ठेवली तर ती रुची होय. ज्याच्या हाती एकच आहे, त्याची ती गरज होय. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्या रुचीस थोरपणा आणू नये. उलट अडगळीत पडलेली, अजून खाचा शाबूत असलेली काठी अशा हातात गेली, तर जुन्या वस्तूचा त्याहून चांगला उपयोग संभवत नाही.

तेव्हा जुनी वेज ठेवावी की टाकावी? याची परीक्षा कोणासही करता येण्यासारखी आहे. जुन्या आणि नव्या काठीने कोरड्या जमिनीवरून दहा दहा चेंडू मारावेत. मग तेवढेच ओल्या गवतातून मारावेत. आणि कोणत्या काठीचे चेंडू भोकाच्या अधिक जवळ थांबले ते पावलांनी मोजावे. नवी काठी असेल तर तिला प्रथम महिनाभर हाती रुळू द्यावे, म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही. कोरड्यात जुनी सरस आणि ओल्यात नवी सरस असे दिसले, तर खाचा झिजल्या असे समजावे. दोन्हीकडे जुनीच सरस ठरली, तर तिचा लोभ अवश्य धरावा; तो लोभ आता नुसता लोभ राहिला नाही, त्यास प्रमाण मिळाले. आणि दोन्हीकडे नवी सरस ठरूनही जुनी सोडवत नसेल, तर तसे स्वतःशी स्पष्ट कबूल करून ती खुशाल बाळगावी. वडिलांचा अडकित्ता बोथट झाला तरी लोक तो चंचीत ठेवतातच. फक्त सुपारी कातरण्यास दुसरा घेतात.